विरलेली बैठक, चिरलेली गादी आणि एअरबॅगची शिवण

वाचकाचे पत्र

मा. महोदय, सप्रेम नमस्कार.

आमची छोटी गाडी २०१८ सालची आहे. ती माझ्या सासऱ्यांनी घेतली होती. गेल्या वर्षी ते गेले आणि तेव्हापासून मी ती कोथरूड ते हडपसर अशी रोज चालवते. चालकाच्या सीटच्या बैठकीची दाराकडची कड विरून आतला पिवळा फोम दिसू लागला आहे आणि त्याचा भुगा कपड्यांना लागतो. मागच्या सीटवर मुलाच्या कर्कटकाने दोन इंचांची चीर पडली आहे. शिवाय जुलैत एक काच थोडी उघडी राहिल्याने मागची सीट भिजली, तिला अजून कुबट वास येतो. एका ॲक्सेसरीच्या दुकानात ‘सगळ्या सीटांवर आर्टलेदरची (रेक्झिनसारख्या नकली चामड्याची) कव्हरे चढवा, आठ हजारांत गाडी नवी दिसेल’ असे सांगितले. पुढच्या सीटांच्या पाठीला कडेला एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली आहे, तिच्याविषयी विचारले तर ‘काही होत नाही, सगळेच बसवतात’ असे उत्तर मिळाले. सर्व्हिस सेंटरने फक्त चालकाच्या सीटचा अंदाज वीस हजारांच्या पुढे दिला. धाकटे दीर म्हणतात की भंगारात त्याच मॉडेलची अख्खी सीट मिळते. सासूबाई पुढे बसतात, त्यांना कंबरदुखी आहे आणि रेक्झिनवर घाम येतो. मामंजींनी जपलेली गाडी आहे, त्यामुळे वरवरचे काम नको आहे. काय करावे?

— एक वाचक, कोथरूड

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्यासमोर जे तीन मार्ग ठेवले गेले आहेत त्यांपैकी एकही जसाच्या तसा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चौथा मार्ग आपल्याला कोणी सांगितलेला दिसत नाही, आणि आपल्या गाडीला तोच योग्य आहे. चालकाच्या सीटची केवळ बैठक उतरवून तिच्या कडेचा फोम दुरुस्त करावा आणि विरलेला तेवढाच तुकडा तशाच जातीच्या कापडाने बदलून घ्यावा. पाठीच्या कव्हरला, म्हणजे जिथे एअरबॅगची चिठ्ठी आहे त्या भागाला, कोणालाही सुई लावू देऊ नये. मागच्या सीटची चीर आतून ठिगळ देऊन बसवावी. आणि या सगळ्याच्या आधी भिजलेली सीट पूर्ण वाळवावी, कारण ओल्या गादीवर केलेले कोणतेही काम टिकत नाही.

आपण पत्रात ‘विरली’ आणि ‘चीर पडली’ असे दोन वेगळे शब्द वापरले आहेत, ते अगदी नेमके आहेत. आपल्याकडे गोधड्या आणि गाद्या शिवणाऱ्या बायकांनी हे भेद कधीचेच करून ठेवले आहेत, आणि गाडीच्या सीटलाही ते तंतोतंत लागू पडतात. शिवण उसवली असेल तर केवळ दोरा गेलेला असतो, कापड शाबूत असते. जुन्याच भोकांतून नवे टाके घातले की काम भागते. कापड चिरले असेल तर घाव एका जागी असतो आणि भोवतालचे कापड दमदार असते, म्हणून त्याला खालून आधार दिला की पुरते. कापड विरले असेल तर मात्र त्यातला धागाच संपलेला असतो. त्याला टाका धरत नाही, शिवायला जावे तर टाक्याच्या शेजारून ते आणखी फाटत जाते. विरलेल्या जागेवर टाके घालून देतो असे कोणी म्हणाले, तर ते काम नम्रपणे नाकारावे. तिथे तुकडा बदलणे एवढा एकच उपाय आहे.

आता ही कड विरली का, ते पाहू, कारण मूळ कारण तसेच राहिले तर नवे कापडही त्याच वाटेने जाईल. गाडीत बसताना आणि उतरताना आपण अंगाचा सगळा भार क्षणभर त्या एका कडेवर टाकतो आणि त्यावरून घसरत आत किंवा बाहेर जातो. जीन्सची जाड शिवण, खिशातल्या किल्ल्या, पर्सची साखळी यांचे घर्षण रोज त्याच चार बोटे जागेवर होते. कापडाच्या खाली साच्यात ओतून बनवलेला पॉलियुरेथेनचा फोम असतो, फोमखाली नागमोडी स्प्रिंगा किंवा तारेची जाळी असते आणि कडेने लोखंडी सांगाडा असतो. फोम नवा असतो तोवर तो कापडाला सांगाड्यापासून दूर ठेवतो. वर्षानुवर्षे दबून तो बसला की कापड वरून आपल्या भाराखाली आणि खालून लोखंडाच्या कडेवर असे दोन्हीकडून घासले जाते. कापडाला भोक पडले की उजेड आणि हवा थेट फोमला लागते, तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि त्याचा भुगा होऊ लागतो. आपल्या कपड्यांना लागतो तो हाच भुगा.

म्हणजे दुखणे आधी फोमचे आहे आणि मग कापडाचे. दुकानदाराने सुचवलेले कव्हर वरून कितीही सुबक असले तरी ते या बसलेल्या फोमवरच ताणले जाणार आहे. माझ्या पहिल्या गाडीच्या बाबतीत मी हेच केले होते. खचलेली कड तशीच ठेवून वरून नवे कव्हर चढवून घेतले. पावसाळा संपेपर्यंत त्या कडेवर सुरकुत्या पडल्या, पुढच्या उन्हाळ्यात शिवण ताणली गेली आणि शेवटी कव्हर काढून पाहिले तेव्हा खालच्या फोमचा निम्मा भाग हाताने झाडून काढावा लागला. वेळीच केले असते तर चार बोटांचा तुकडा घालून भागले असते. ते कव्हर आणि ते पैसे, दोन्ही वाया गेले.

बैठकीचे कव्हर सीटवर कसे बसलेले असते हे आपल्याला माहीत असले, तर कारागिराशी बोलणे सोपे जाईल. त्याच्या कडांना प्लास्टिकच्या लांब पट्ट्या शिवलेल्या असतात आणि त्या सांगाड्याच्या कडेला अडकवलेल्या असतात. मधल्या खोलगट रेघा दिसतात, तिथे कव्हरच्या आतल्या बाजूला एक चोरखिसा असतो, त्यात तार असते आणि ती तार फोममध्ये ओतलेल्या दुसऱ्या तारेला छोट्या लोखंडी कड्यांनी बांधलेली असते. या कड्या कापून काढाव्या लागतात आणि परत बसवताना नव्या वापराव्या लागतात. काही कारागीर त्यांच्याऐवजी प्लास्टिकचे बंद ओढून बांधतात. ते तात्पुरते चालते, परंतु बंदाचे टोक खाली बोचते आणि ताण सगळीकडे सारखा येत नाही, म्हणून ‘कड्याच घाला’ असे आधीच सांगावे.

फोमचे काम करताना खराब झालेला भाग सरळ कापून काढावा, भुगा झालेल्या पृष्ठभागावर नवा फोम चिकटवू नये. भुग्याला गोंद धरत नाही, चांगल्या फोमला धरतो. भरण्याचा तुकडा मूळ फोमइतकाच घट्ट हवा. सोफ्याच्या गादीचा मऊ फोम हाताला छान लागतो, पण गाडीच्या कडेवर तो काही महिन्यांत चपटा होतो. फोम घनतेवर विकला जातो, म्हणजे एका घनमीटरचे वजन किती किलो यावर. कडेसाठी निदान ४० घनतेचा मागावा, आणि दुकानात दोन बोटांनी दाबून तो सोडल्याबरोबर वर येतो की रेंगाळतो हे पाहावे. तुकडा किंचित उंच बसवून मग धारदार सुरीने आणि पॉलिश पेपरने मूळ आकाराला उतरवतात. लोखंडाची कड जिथे टेकते तिथे फोमखाली जाड नमद्याची (दाबून केलेल्या लोकरी कापडाची) किंवा कॅनव्हासची पट्टी अवश्य घालायला सांगावी. या लहानशा पट्टीमुळे नव्या कापडाचे आयुष्य खूप वाढते आणि खर्च जवळजवळ काहीच होत नाही.

कापडाबाबत बहुतेकांची फसगत होते ती वेगळ्याच कारणाने. गाडीच्या सीटचे मूळ कापड एकपदरी नसते. वर विणलेले पॉलिएस्टर, मध्ये तीन-चार मिलिमीटर जाडीचा पातळ फोम आणि खाली बारीक जाळी, असे तिन्ही पदर एकजीव केलेले असतात. त्यामुळेच ते गुबगुबीत दिसते आणि त्याला वळ्या पडत नाहीत. आपण जुळत्या रंगाचे साधे पडद्याचे किंवा सोफ्याचे कापड नेऊन दिले, तर रंग जुळूनही तो तुकडा ठिगळासारखाच दिसेल. फोम आणि जाळी लावलेले सीटचे कापडच मागावे. नाना पेठेत वाहनांच्या सुट्या भागांचा जो बाजार आहे तिथे जाताना मूळ कापडाचा नमुना बरोबर न्यावा, आणि तो उन्हाने न विटलेल्या जागेचा असावा: हेडरेस्टच्या खाली झाकलेला भाग किंवा मागच्या सीटच्या बैठकीखाली दुमडून गेलेली कड. एक गोष्ट आधीच मनाशी धरून ठेवावी की आठ वर्षे ऊन खाल्लेल्या कापडाशेजारी नवे कापड, अगदी कंपनीचे मूळ कापड असले तरी, थोडे गडद दिसणारच. ते डोळ्याला खटकत असेल, तर पुढच्या दोन्ही सीटांच्या बैठकीच्या दाराकडच्या कडा गडद राखाडी किंवा काळ्या एकरंगी कापडाच्या करून घ्याव्यात. दोन्हीकडे सारखे केले की ते दुरुस्तीसारखे न वाटता मुळातच तसे असल्यासारखे वाटते, आणि मी आपल्या जागी असतो तर हेच केले असते.

जुना विरलेला तुकडा उसवून काढला की तोच फर्मा म्हणून वापरायचा असतो. मात्र तो ताणला गेलेला असतो, म्हणून चांगला कारागीर दुसऱ्या बाजूच्या शाबूत तुकड्यावरून उलटा फर्मा काढतो आणि जिथे वळण आहे तिथे दोन्ही कापडांवर खुणेच्या खाचा पाडतो. दोरा सुती नको; सुती दोरा घामाने आणि ओलीने कुजतो. जाड पॉलिएस्टरचा दोरा घ्यावा, तो उन्हात नायलॉनपेक्षाही अधिक टिकतो. टाके फार बारीक आणि फार जवळ असले की शिवण पक्की होते असा एक समज आहे, पण रेक्झिन किंवा चामड्यावर तो घातक ठरतो, कारण पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची ओळ तयार होते आणि ताण आला की माल त्याच रेघेवर फाटतो. एका इंचात सहा-सात टाके पुष्कळ झाले.

आता एअरबॅगविषयी. ‘काही होत नाही, सगळेच बसवतात’ हे उत्तर आपण मान्य केले नाही याचा मला मनापासून आनंद झाला. पाठीच्या दाराकडच्या बाजूला जी चिठ्ठी आहे तिच्या आत सांगाड्याला बाजूची एअरबॅग बसवलेली असते. बाजूने धडक बसली की ती सेकंदाच्या काही सहस्रांश भागात फुगून आपल्या बरगड्या आणि दार यांच्यामध्ये यावी लागते. तिला बाहेर पडायची वाट म्हणजे त्या कडेची शिवण. ती शिवण मुद्दाम ठरावीक ताणाला तुटेल अशा दोऱ्याने, ठरावीक टाक्याने घातलेली असते. काही गाड्यांत एअरबॅगला शिवणीकडे वळवणारी कापडी पट्टीही आत असते. बाहेरून अख्खे आर्टलेदरचे कव्हर चढवले तर ही वाट बुजते: एअरबॅग उशिरा उघडते, भलत्या बाजूला वळते किंवा कव्हरच्या आतच फुगते. कव्हरला त्या जागी चीर ठेवली आहे, असे काही विक्रेते सांगतात. चीर आपल्याच गाडीच्या मापाने, नेमक्या त्याच जागी आहे आणि ती चाचणीला उतरलेली आहे, याचा लेखी पुरावा मिळत नसेल तर त्या बोलण्यावर भिस्त ठेवू नये. हीच गोष्ट हौशी शिवणकामाची. अनुभवी कारागीर ती शिवण उसवून जाड, भक्कम दोऱ्याने उत्तम शिवून देईल, आणि नेमकी तिथेच ती भक्कम असून चालत नाही.

आपण कोथरूडला राहता, म्हणजे वेताळ टेकडीवरची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही संस्था आपल्याला येता-जाता दिसत असेल. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत गाड्यांच्या ज्या अनेक चाचण्या होतात, त्यांत सीट, सीटची पकड आणि सीटबेल्टच्या पट्ट्यांची पकड यांच्या चाचण्याही असतात. गाडीच्या आत वापरायच्या कापडाला आणि फोमला आग लागली तर ती किती वेगाने पसरावी यालाही मर्यादा आहे. त्यासाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे. चाचणीत नमुना आडवा धरून त्याच्या टोकाला ज्योत लावतात आणि जळण्याचा वेग मोजतात. हे सांगण्याचे कारण इतकेच की सीट हा दिवाणखान्यातल्या सोफ्यासारखा नुसता बसायचा भाग नाही, पट्टा आणि एअरबॅग यांच्या बरोबरीने तो सुरक्षेचाच भाग आहे. म्हणून कापड आणि फोम घेताना वाहनासाठीचा, आगीच्या मानकाला उतरणारा माल आहे का, हे विचारावे आणि बिलावर तसे लिहून मागावे. पाठीचे कव्हर पुढेमागे खराब झालेच, तर तेवढ्या एका भागासाठी कंपनीचे मूळ कव्हर घ्यावे आणि ते सर्व्हिस सेंटरमध्येच बसवून घ्यावे. तिथे पैसे वाचवू नयेत.

बैठकीच्या कामासाठी सीट गाडीतून बाहेर काढावी लागेल. ती बहुधा चार बोल्टांवर असते, पण तिच्याखाली तारा असतात आणि त्यांतील पिवळ्या रंगाची जोडणी एअरबॅगची असते. चावी बंद करून, बॅटरीची ऋण तार सोडवून, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेली मिनिटे थांबूनच ती जोडणी सोडवायची असते, आणि सीट बाहेर असताना कोणत्याही कारणाने चावी फिरवायची नसते. फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि तो घालवायला पुन्हा सर्व्हिस सेंटर गाठावे लागते. म्हणून माझा सल्ला असा की सीट उतरवणे आणि परत बसवणे एवढे काम आपल्या नेहमीच्या मेकॅनिककडून करून घ्यावे आणि कारागिराकडे फक्त मोकळी सीट न्यावी, तीही पाठ जशीच्या तशी ठेवून. बोल्ट परत बसवताना ते पुस्तिकेतल्या मापाने आवळलेले हवेत. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटांसाठी पट्ट्याची आठवण करून देणारी यंत्रणा सक्तीची झाली. आपली गाडी त्याआधीची असली तरी काही गाड्यांत ती आधीपासून होती, आणि शेजारच्या सीटच्या फोमवर वजन ओळखणारी पातळ पट्टी असते. सासूबाईंच्या सीटचीही कड बदलायचे ठरले तर ती पट्टी दुमडू किंवा टोचू नये, हे कारागिराला आवर्जून सांगावे.

मागच्या सीटकडे वळू या. तिथे पहिले काम वाळवण्याचे. छोट्या गाड्यांमध्ये मागची बैठक बहुधा पुढच्या कडेला दोन खिट्ट्यांवर असते आणि वर उचलली की सुटते. काहींत मागे एखादा बोल्ट असतो. पट्ट्यांची कुलपे त्यातून अलगद काढून घ्यावी आणि बैठक घरात आणून पंख्याखाली उभी करावी. वरचे कापड एका दिवसात कोरडे लागते, फोमच्या पोटातले पाणी मात्र अनेक दिवस राहते, आणि कुबट वास येतो तो तिथल्या बुरशीचा. कोरड्या जुन्या टॉवेलने जोर देऊन दाबत राहावे आणि टॉवेल ओला येणे थांबेपर्यंत वाळले असे म्हणू नये. श्रावणातल्या पुण्याच्या हवेत हे काम रेंगाळते, म्हणून उघडीप मिळेल ते दोन-तीन दिवस धरावे. कडक उन्हात तासन्‌तास ठेवू नये, केस वाळवायचे यंत्र एका जागी धरू नये, आणि वास मारण्यासाठी अत्तरे किंवा फवारे तर मुळीच वापरू नयेत, कारण बुरशी आत तशीच राहते. बैठक बाहेर असताना गाडीच्या तळाचा गालिचाही उचलून पाहावा. त्याच्याखाली पाणी साचलेले असते आणि ते कोणी पाहत नाही.

आपल्या सीटमध्ये पावसाचे स्वच्छ पाणी गेले, त्यामुळे ती वाचेल. पुराच्या पाण्याचा नियम वेगळा आहे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत आणि वाहनतळांत मुठेचे पाणी शिरले होते. अशा पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि त्यात बुडालेला फोम कितीही धुतला, वाळवला तरी ठेवू नये, तो टाकूनच द्यावा. जुनी गाडी किंवा जुनी सीट घेताना ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दीरांच्या सूचनेबद्दल माझी मुख्य हरकत याच्याशीच निगडित आहे. भंगारातली सीट कोणत्या गाडीतून आली, ती गाडी पाण्यात होती की अपघातात, सांगाडा वाकून सरळ केलेला आहे का, एअरबॅग मूळची आहे की एकदा फुगून गेल्यावर वरून शिवलेली, हे बाहेरून ओळखता येत नाही. एअरबॅग असलेली पुढची सीट भंगारातून कधीही आणू नये. दीरांनी आपुलकीने सुचवले आहे, आणि त्यांच्या सूचनेचा एक चांगला उपयोगही करता येईल: त्याच मॉडेलची मागची सीट भंगारात मिळाली, तर तिचे कापड आपल्याला ठिगळासाठी आणि कडेसाठी हवे तसे अगदी जुळते मिळेल, कारण तेही आपल्या कापडाइतकेच विटलेले असेल. स्वच्छ धुऊन ते वापरता येते. त्यांनाच त्या शोधाला धाडावे.

कर्कटकाने पडलेली दोन इंचांची चीर हे सगळ्यांत लहान काम आहे. वरून टाके घालू नयेत, कारण बसल्यावर सीट ताणली जाते आणि टाके कडेचे कापड ओरबाडतात. बैठकीचे कव्हर एका बाजूने सोडवून चिरेच्या खाली चारी बाजूंनी एक-एक इंच मोठा कॅनव्हासचा किंवा जीन्सचा तुकडा सरकवावा, वाळल्यावरही लवचीक राहणारा कापडाचा गोंद लावावा, चिरेच्या कडा एकमेकींना भिडवून वर वजन ठेवावे आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. झटपट चिकटणारा गोंद इथे वापरू नये. तो वाळून काचेसारखा कडक होतो, तडकतो आणि सुती कापडावर पडला तर चांगलाच गरम होतो. इस्त्रीने चिकटणारी ठिगळेही टाळावीत, कारण खालचा फोम आणि पॉलिएस्टर ती उष्णता सोसत नाहीत. हे काम आपण घरी करू शकता, आणि ज्याच्या कर्कटकाने चीर पडली त्या चिरंजीवांना मदतीला घ्यावे असे मला वाटते.

सासूबाईंना रेक्झिनवर घाम येतो ही तक्रार आर्टलेदर न चढवण्याचे आणखी एक भक्कम कारण आहे. आर्टलेदरच्या वरच्या पदरातून हवा जात नाही. त्यातला पीव्हीसीचा प्रकार त्याला मऊ ठेवणारी द्रव्ये उन्हाने उडत गेली की कडक होऊन तडकतो आणि पॉलियुरेथेनच्या प्रकाराला उष्णता व दमट हवा मिळून काही वर्षांत पापुद्रे सुटतात. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत काळ्या आर्टलेदरवर हात टेकवत नाही, तिथे वयस्कर माणसाला बसवू नये. कापडाची सीटच त्यांच्यासाठी बरी. बैठकीवर सुती पंचा किंवा जाड चादरीची घडी चालेल, पाठीच्या कडा मात्र मोकळ्या राहायला हव्यात. कंबरदुखीसाठी त्यांच्या बैठकीचा फोमही एकदा दाबून पाहावा. तो मध्ये खचला असेल तर कंबरेमागे उशी देण्यापेक्षा बैठकीखाली दीड-दोन बोटांचा घट्ट फोमचा थर घालून घेणे अधिक गुणकारी ठरते, कारण खचलेल्या बैठकीत कंबर आपोआप मागे वळते.

सर्व्हिस सेंटरला मात्र एकदम नकार देऊ नये. बैठकीचे कव्हर, बैठकीचा फोम, पाठीचे कव्हर आणि पाठीचा फोम अशा चार भागांचा आणि मजुरीचा वेगवेगळा अंदाज लेखी मागावा. आपल्याला मिळालेला आकडा बहुधा सगळ्याचा मिळून आहे. पुष्कळ गाड्यांचे हे भाग वेगवेगळे मिळतात, आणि केवळ बैठकीचे मूळ कव्हर माफक किमतीत मिळत असेल तर तुकडा शिवून घेण्यापेक्षा तेच घ्यावे. फोमची दुरुस्ती बाहेर करावी. भाग मागवताना गाडीचा चासी क्रमांक द्यावा, म्हणजे रंग आणि नक्षी चुकणार नाही. विम्याची मात्र आशा धरू नये, कारण रोजच्या वापराने होणारी झीज विम्यात येत नाही.

कारागिराच्या बाबतीत माझा अनुभव असा आहे की चकचकीत दुकानांपेक्षा रिक्षाची हूड आणि सीट शिवणारे कारागीर हे काम अधिक मन लावून करतात. त्यांची यंत्रे जाड मालाची असतात, एकेका तुकड्याचे काम त्यांना कमी प्रतीचे वाटत नाही, आणि ‘अख्खा सेटच घ्या’ असा आग्रह ते धरत नाहीत. एअरबॅगची माहिती मात्र त्यांना असेलच असे नाही. ती आपण द्यायची आणि पाठीच्या कडेला खडूने ठळक फुली मारून सीट त्यांच्या हाती द्यायची. त्यांनी पूर्वी केलेली एखादी सीट पाहायला मागावी, नव्या कामाची नव्हे तर वर्षभर वापरलेली. कड कशी टिकली आहे ते तिथेच कळते. कव्हर चढवण्याआधी फोमचे काम आपल्याला दाखवावे, अशी अट घालावी आणि त्या दिवशी स्वतः जाऊन पाहावे.

सीट गाडीत परत बसली की आधी सगळ्या जोडण्या झाल्या आहेत याची खात्री करावी, मग बॅटरी जोडून चावी फिरवावी. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो विझला नाही तर गाडी तशीच चालवत राहू नये, त्याच दिवशी तपासून घ्यावी. सीट पुढे-मागे सरकवून ती दोन्ही बाजूंच्या रुळांवर अडकते का, तेही पाहावे. आणि उरलेले कापड, दोऱ्याचे रीळ आणि कारागिराने काढलेला कागदी फर्मा हे तिन्ही मागून घेऊन डिकीत एका पिशवीत ठेवावे; शेजारच्या सीटची कडही त्याच वयाची आहे आणि वर्षा-दोन वर्षांत तिलाही त्याची गरज पडेल.